तीनशे मिलिसेकंदांची नोकरी

पवनऊर्जेत नोकरी लागली म्हटल्यावर घरच्यांच्या डोळ्यांसमोर उंच टॉवर येतो आणि त्याच्या आतल्या शिडीवर चढणारी त्यांची मुलगी. मीही टॉवर चढले आहे, सुरुवातीची वर्षं बरेच चढले. आता मात्र माझं काम पुण्यात बसून चालतं. नवा पवन प्रकल्प ग्रिडला जोडायचा असला की त्याआधी संगणकावर त्याचं मॉडेल बांधायचं. दूर कुठेतरी वाहिनीवर वीज पडून व्होल्टेज कोसळलं, तर प्रकल्प तग धरेल की ट्रिप होईल (आपोआप ग्रिडपासून सुटेल), हे जोडणीपूर्वीच तपासून द्यायचं. या खात्याला आमच्याकडे ‘ग्रिड इंटिग्रेशन’ म्हणतात. इलेक्ट्रिकलच्या शेवटच्या वर्षातली मुलं-मुली आणि साइटवर दोन-तीन वर्षं काढलेले इंजिनिअर नेहमी विचारतात, यात शिरायचं कसं आणि काय यावं लागतं. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

आधी एक गोंधळ दूर करू. “वारा लहरी, म्हणून पवनऊर्जा अस्थिर” हे वाक्य मुलाखतीत हमखास ऐकायला मिळतं. ते खोटं नाही, पण त्यात दोन निराळे प्रश्न एकत्र कालवलेले आहेत. पहिला प्रश्न मिनिटांचा आणि तासांचा. वाऱ्यातली शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वारा सेकंदाला ८ मीटरवरून १० मीटरवर गेला की ती जवळपास दुप्पट होते. म्हणून दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ भाग पाडून, प्रत्येक भागात किती वीज देणार हे ग्रिडवरच्या विजेचा ताळमेळ राखणाऱ्या लोड डिस्पॅच सेंटरला आधी कळवावं लागतं. अंदाज फार चुकला तर पैसे भरावे लागतात. हवामान, सांख्यिकी, पायथन यांत रस असेल तर ते काम छान आहे, पण ते वेगळं खातं. दुसरा प्रश्न मिलिसेकंदांचा. ग्रिडवर दोष (शॉर्ट सर्किटसारखा बिघाड) आला, व्होल्टेज पडलं, फ्रिक्वेन्सी घसरली, अशा क्षणी प्रकल्प कसा वागतो? वारा त्या वेळी अगदी एकसारखा वाहत असला तरी हा प्रश्न उरतोच. पुढचं सगळं या दुसऱ्या प्रश्नाबद्दल आहे.

साताऱ्याहून ठोसेघरच्या अंगाला चाळकेवाडीच्या पठारावर जा, नाहीतर पाटण तालुक्यातल्या वनकुसवड्याला. तिथे जुन्या, आताच्या मानाने बुटक्या पवनचक्क्यांच्या रांगा दिसतात. त्या काळच्या बऱ्याच मशीनमध्ये साधा स्क्विरल केज इंडक्शन जनरेटर असे, थेट ग्रिडला जोडलेला. नव्या मुलांना मी अभ्यास इथूनच सुरू करायला सांगते. हे मशीन कॉलेजात शिकलेल्या मोटरचाच भाऊ आहे आणि त्याची उणीव कागदावर दोन ओळींत मांडता येते. इंडक्शन मशीनचा टॉर्क व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. व्होल्टेज १५ टक्क्यांवर आलं की टॉर्क सव्वादोन टक्क्यांवर येतो. वारा पात्यांना आधीच्याच जोराने ढकलत राहतो, त्यामुळे रोटर, म्हणजे फिरणारा भाग, वेग घेतो. दोष दूर होऊन व्होल्टेज परत येऊ लागतं, तोवर स्लिप (रोटरच्या आणि ग्रिडच्या वेगातला फरक) इतकी वाढलेली असते की मशीन ग्रिडकडून भरमसाट रिॲक्टिव्ह पॉवर (प्रत्यक्ष काम न करता चुंबकीय क्षेत्रासाठी ये-जा करणारी वीज) ओढतं, आणि त्या ओढीमुळेच व्होल्टेज वर यायला तयार होत नाही.

म्हणून पूर्वी सोपा उपाय होता. व्होल्टेज पडलं की मशीन सोडवून घ्यायचं. ग्रिडवर पवनऊर्जा मूठभर होती तोवर कुणाचं काही बिघडत नव्हतं. मार्च २०२५ अखेर देशातली पवनऊर्जेची स्थापित क्षमता ५० गिगावॅटच्या पुढे गेली. इतकी मशीनं एका झटक्यात स्वतःला वाचवायला निघाली, तर ग्रिडला वाचवायला कुणी उरत नाही.

नंतरच्या मशीनमध्ये दोन मुख्य घराणी आली. एकात स्टेटर (स्थिर भाग) थेट ग्रिडला आणि रोटर कन्व्हर्टरमधून, म्हणजे विजेचं रूप बदलणाऱ्या इलेक्ट्रॉनिक उपकरणातून, जोडलेला असतो. हे डीएफआयजी, म्हणजे डबली फेड इंडक्शन जनरेटर. कन्व्हर्टर मशीनच्या क्षमतेच्या २५ ते ३० टक्के पुरतो, म्हणून स्वस्त पडतं. दुसऱ्यात सगळी वीज कन्व्हर्टरमधून जाते आणि जनरेटरचा ग्रिडशी थेट संबंधच राहत नाही. पहिल्याचं दुखणं म्हणजे व्होल्टेज अचानक पडलं की रोटरमध्ये प्रचंड प्रवाह उसळतो. कन्व्हर्टर जळू नये म्हणून ‘क्रोबार’ नावाचं सर्किट रोटर शॉर्ट करतं. क्रोबार लागलेला असेपर्यंत हे महागडं मशीन पुन्हा साधं इंडक्शन मशीन होऊन बसतं आणि नको त्या वेळी रिॲक्टिव्ह ओढतं. दुसऱ्या घराण्यात वीज ग्रिडमध्ये जाऊ शकत नाही आणि जनरेटरकडून येणं थांबत नाही, म्हणून डीसी लिंकचं (कन्व्हर्टरच्या मधल्या डीसी टप्प्याचं) व्होल्टेज चढतं. ते उतरवायला चॉपर जादा ऊर्जा रोधकांमध्ये उष्णता म्हणून उधळतो. शिवाय कन्व्हर्टर आपल्या रेटेड प्रवाहाच्या फार तर १.१ ते १.२ पट देऊ शकतो. औष्णिक केंद्रातला सिंक्रोनस जनरेटर दोषाच्या वेळी सहज पाच-सहा पट देतो. नव्या ग्रिडच्या निम्म्या अडचणी या एका फरकातून निघतात, असं माझं मत आहे.

आता तीनशे मिलिसेकंदांकडे. ग्रिडला जोडणी कशी असावी याचे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे तांत्रिक नियम २००७चे आहेत. २०१३च्या सुधारणेत पवनऊर्जेसाठी ‘लो व्होल्टेज राइड थ्रू’ची अट आली. बोलताना सगळे ‘एलव्हीआरटी’च म्हणतात. ६६ केव्ही (किलोव्होल्ट) किंवा त्यावर जोडलेल्या प्रकल्पाच्या जोडणीबिंदूवर व्होल्टेज १५ टक्क्यांपर्यंत पडलं, तरी ३०० मिलिसेकंद मशीन सुटता कामा नये. पुढे व्होल्टेज चढत जाऊन तिसऱ्या सेकंदाला ८५ टक्क्यांवर येईपर्यंतही टिकायचं. नुसतं टिकूनही भागत नाही. उरलेल्या व्होल्टेजच्या प्रमाणात ॲक्टिव्ह पॉवर (प्रत्यक्ष काम करणारी वीज) देत राहायची आणि रिॲक्टिव्ह प्रवाह जास्तीत जास्त द्यायचा. २०१९च्या सुधारणेत उलट बाजूची अट जोडली गेली. व्होल्टेज १२० टक्क्यांच्या वर १३० टक्क्यांपर्यंत गेलं तर ०.२ सेकंद आणि ११० ते १२० टक्क्यांच्या दरम्यान असलं तर २ सेकंद जोडलेलं राहायचं.

हे आकडे पाठ करायला अर्धा तास पुरतो. ते डोंगरावर खरे ठरतात का, हे बघण्यात मात्र वर्षं जातात. एका प्रकल्पावर जवळच्या २२० केव्ही वाहिनीवर दोष आला. संरक्षणाने तो शंभर मिलिसेकंदांच्या आत काढला. मशीनं सगळी एलव्हीआरटी प्रमाणपत्रवाली, तरी ३३ केव्हीचे दोन फीडर (मशीनच्या गटाची वीज सबस्टेशनला आणणाऱ्या वाहिन्या) पूर्ण गेले. मशीन बनवणाऱ्यांनी ग्रिडकडे बोट दाखवलं, ग्रिडवाल्यांनी मशीनकडे. मशीनच्या नोंदी उघडल्या तर प्रत्येक मशीन दोषातून नीट बाहेर आलेलं आणि नंतर ‘ग्रिड लॉस्ट’ म्हणून थांबलेलं. गुन्हेगार निघाला पूलिंग सबस्टेशनमधला (जिथे सगळ्या मशीनची वीज एकत्र होते) फीडरचा अंडरव्होल्टेज रिले, म्हणजे व्होल्टेज पडलं की फीडर तोडणारं उपकरण. कुण्या कंत्राटदाराने वितरणाच्या कामातली सेटिंग जशीच्या तशी उतरवली होती, विलंब जवळपास शून्य. मशीन तीनशे मिलिसेकंद टिकायला तयार, आणि रिले त्याच्या आधीच दार बंद करून मोकळा. सेटिंग बदलायला लॅपटॉप आणि एक केबल पुरली. पण हे सिद्ध करायला रिले, टर्बाइनचं स्काडा (देखरेखीची संगणक यंत्रणा) आणि डिस्टर्बन्स रेकॉर्डर (बिघाड नोंदवणारं उपकरण) या तिघांची घड्याळं जुळवावी लागली, कारण तिघं तीन वेगळ्या वेळा दाखवत होते. तेव्हापासून नव्या साइटवर गेले की मी सर्वांत आधी जीपीएस घड्याळाची ॲन्टेना शोधते.

अशीच आणखी एक जागा म्हणजे टर्बाइनमधला सहायक पुरवठा. कन्व्हर्टर शाबूत राहतो, पण कूलिंग पंपाचा किंवा पिच यंत्रणेचा (पात्यांचा कोन बदलणाऱ्या) साधा काँटॅक्टर (विजेवर चालणारा स्विच) व्होल्टेज पडताच सुटतो आणि कंट्रोलर मशीन थांबवतो. मॉडेलमध्ये काँटॅक्टर नसतो. म्हणून माझा आग्रह असतो की या खात्यात येणाऱ्याने किमान एक पावसाळा साइटवर काढावा. आपल्याकडे पवनऊर्जेचा हंगाम म्हणजे नैर्ऋत्य मोसमी वारे, जून ते सप्टेंबर. पठारावर धुकं इतकं असतं की पातं दिसत नाही, फक्त त्याचा आवाज येतो. याच दिवसांत मशीनं पूर्ण क्षमतेने चालतात, विजाही पडतात आणि ग्रिडवरचे दोषही वाढतात. शिकायला इतके चांगले दिवस दुसरे नाहीत. मुलींनी साइटवर जाऊ नये असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. पूलिंग सबस्टेशनला स्वच्छतागृह आहे का, हे मात्र जाण्याआधी स्पष्ट विचारा. तो प्रश्न विचारायला लाज कसली.

रिॲक्टिव्ह पॉवरबद्दल सविस्तर सांगते, कारण नव्या माणसाच्या हाती पहिलं काम बहुधा तेच येतं. नियम म्हणतो, पॉवर फॅक्टर (एकूण विजेतला ॲक्टिव्ह पॉवरचा वाटा) ०.९५ लॅगिंग ते ०.९५ लीडिंग, म्हणजे रिॲक्टिव्ह देताही आणि घेताही यावी, आणि तो हवा तसा बदलता आला पाहिजे. टर्बाइनच्या माहितीपत्रकात ०.९५ लिहिलेलं असतं, म्हणून मुलं खूण करून पुढे जातात. पण अट जोडणीबिंदूवर आहे, टर्बाइनच्या टोकाशी नाही. टर्बाइन ६९० व्होल्टच्या आसपास वीज देतं, ती ३३ केव्हीवर चढते, मग पूलिंग सबस्टेशनमध्ये २२० केव्हीवर. १०० मेगावॅटचा प्रकल्प धरा. जोडणीबिंदूवर ०.९५ म्हणजे सुमारे ३३ मेगाव्हार (रिॲक्टिव्ह पॉवरचं एकक). मोठ्या ट्रान्सफॉर्मरचा इम्पिडन्स १२ टक्के असेल तर पूर्ण भाराला तो एकटाच जवळपास १२ मेगाव्हार खातो, टर्बाइनजवळचे छोटे ट्रान्सफॉर्मर आणखी सहाएक. म्हणजे टर्बाइनकडून ५१ मेगाव्हार हवेत, आणि त्यासाठी त्याच्या टोकाशी पॉवर फॅक्टर ०.८९ लागतो. माहितीपत्रकातलं ०.९५ इथे तोकडं पडतं. हे गणित कॅल्क्युलेटरवर होतं, सॉफ्टवेअर लागत नाही. मुलाखतीला येण्याआधी ते एकदा स्वतः करून बघा.

तूट भरायला कपॅसिटर बँक की स्टॅटकॉम (रिॲक्टिव्ह देणारं-घेणारं इलेक्ट्रॉनिक उपकरण), यावर प्रत्येक प्रकल्पात वाद होतो. कपॅसिटर स्वस्त, पण त्याची रिॲक्टिव्हही व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे गरज असते नेमकी तेव्हाच ती आटते. स्टॅटकॉम महाग, पण व्होल्टेज पडलं तरी प्रवाह देत राहतो. खरेदी विभागाला हे पटवणं हाही नोकरीचा भाग आहे आणि ते कॉलेजात कुणी शिकवत नाही. शिवाय हिवाळ्यातल्या रात्री वारा पडलेला असताना प्रश्न उलटा होतो. लांबलचक केबल आणि रिकामी वाहिनी स्वतःच रिॲक्टिव्ह तयार करतात, व्होल्टेज चढतं आणि ते खाली ओढायला रिॲक्टर किंवा स्टॅटकॉम लागतो.

इथवरचं काम चांगला डिप्लोमा इंजिनिअरही वर्षभरात शिकतो. खरी परीक्षा अशक्त ग्रिडवर लागते. जोडणीबिंदूवरची फॉल्ट लेव्हल (दोषाच्या वेळी ग्रिड तिथे किती शक्ती पुरवू शकतं) भागिले प्रकल्पाची क्षमता म्हणजे शॉर्ट सर्किट रेशो. २२० केव्हीवर १० किलोअँपिअर फॉल्ट करंट असेल तर फॉल्ट लेव्हल सुमारे ३,८०० एमव्हीए. त्यावर ३०० मेगावॅटचा एक प्रकल्प जोडला तर गुणोत्तर साडेबाराच्या वर, काळजीचं कारण नाही. आता त्याच पट्ट्यात वारा चांगला आहे म्हणून तसे आणखी चार आले. पाचांचं मिळून गुणोत्तर अडीच. २०१९च्या सुधारणेने जोडणीबिंदूवर किमान ५ची अट घातली आहे. पण पाच अर्ज पाच वेगवेगळ्या टेबलांवर स्वतंत्रपणे तपासले जातात, तेव्हा प्रत्येक जण आपापल्या पुरता पास होतो. शेजारी कोण येतोय हे विचारायची सवय लावून घ्या.

गुणोत्तर कमी झालं की नेमकं बिघडतं काय? कन्व्हर्टरला ग्रिडच्या व्होल्टेजचा कोन सतत मोजावा लागतो. ते काम पीएलएल (फेज लॉक्ड लूप) नावाचा नियंत्रक करतो. भक्कम ग्रिडवर ते व्होल्टेज कन्व्हर्टरच्या प्रवाहाने हलत नाही. अशक्त ग्रिडवर कन्व्हर्टरने प्रवाह बदलला की तो ज्या व्होल्टेजकडे बघून चालतो तेच हलतं. रिकाम्या मोठ्या सभागृहात वक्त्याला आपलाच प्रतिध्वनी उशिरा ऐकू यावा आणि बोलण्याची लय चुकावी, तसं होतं. मग आंदोलनं सुरू होतात. ती दाबायला पीएलएल मंद केला तर दोषाच्या वेळी प्रतिसाद उशिरा येतो. दोषानंतर ॲक्टिव्ह पॉवर भरभर परत आणली तर व्होल्टेज डोलतं, हळू आणली तर फ्रिक्वेन्सी घसरते. रिॲक्टिव्ह प्रवाह जोरात दिला आणि दोष सुटल्यावर तो वेळेत मागे घेतला नाही, तर व्होल्टेज १२० टक्क्यांच्या पुढे उसळून मशीनं वरच्या बाजूने ट्रिप होतात. राजस्थानातल्या, मुख्यतः सौर प्रकल्पांच्या संकुलांत २०२२पासून मोठी निर्मिती अचानक गेल्याच्या घटनांमध्ये ही दोषोत्तर व्होल्टेजवाढ हे वारंवार पुढे आलेलं कारण आहे. पवनऊर्जेत काम करणाऱ्यानेही त्या घटनांचे अहवाल वाचावेत. कन्व्हर्टरला वरून ऊन आलं की वारा, याच्याशी देणंघेणं नसतं.

या कामात माझी एकच खरी ठाम भूमिका आहे: मॉडेलमधला प्रकल्प आणि डोंगरावरचा प्रकल्प एक आहे का, हे तपासणाऱ्या माणसाला मी सॉफ्टवेअर सफाईने चालवणाऱ्यापेक्षा वरचा मानते. त्यामागे जगातल्या तीन घटना आहेत, आणि त्या तिन्ही प्रत्येक नवख्याने मुळापासून अभ्यासाव्यात.

पहिली दक्षिण ऑस्ट्रेलियातली, २८ सप्टेंबर २०१६ची. चक्रीवादळी वाऱ्यांनी पारेषण वाहिन्यांचे मनोरे पाडले आणि दोनेक मिनिटांत सहा वेळा व्होल्टेज पडलं. पवनचक्क्या प्रत्येक वेळी नियमाप्रमाणे टिकल्या. पण काही मशीनच्या कंट्रोलरमध्ये ठरावीक वेळात अमुक वेळाच राइड थ्रू करायचं, नंतर थांबायचं, अशी मर्यादा भरलेली होती. ती मर्यादा ओलांडली गेली आणि नऊ प्रकल्पांतून मिळून ४५६ मेगावॅट सात सेकंदांच्या आत कमी झाले. ती तूट शेजारच्या राज्याकडून येणाऱ्या वाहिनीवर पडली, तिच्यावरचा भार इतका वाढला की संरक्षणाने ती सोडवली आणि साऱ्या राज्यात अंधार झाला. ग्रिड चालवणाऱ्यांना त्या मर्यादेची कल्पना नव्हती, कारण त्यांना दिलेल्या मॉडेलमध्ये ती नव्हती. नंतर सेटिंग बदलण्यात आल्या.

दुसरी इंग्लंडमधली, ९ ऑगस्ट २०१९ची. वाहिनीवर वीज पडली आणि दोष ताबडतोब काढला गेला. तरी हॉर्नसी या समुद्रातल्या पवन प्रकल्पाने ७३७ मेगावॅट सोडले. व्होल्टेज नियंत्रणात कमी फ्रिक्वेन्सीची आंदोलनं उठली आणि मशीनं सुटली. जवळपास त्याच वेळी एक गॅस केंद्रही गेलं, आणि वितरण जाळ्यातले छोटे जनरेटरही. फ्रिक्वेन्सी ४८.८ हर्ट्झपर्यंत उतरली आणि दहा लाखांहून अधिक ग्राहकांची वीज तुटली. प्रकल्पाच्या नियंत्रण सॉफ्टवेअरमधला बदल दुसऱ्याच दिवशी झाला, म्हणजे दुरुस्ती छोटी होती. ती आधी झाली नव्हती इतकंच.

तिसरी टेक्सासची, २००९ची. एक वाहिनी दोषाने सुटल्यावर डीएफआयजी मशीनचा प्रकल्प फक्त एका सिरीज कपॅसिटर लावलेल्या वाहिनीवर उरला. रोटर कन्व्हर्टरचं नियंत्रण आणि तो कपॅसिटर यांच्यात तिथल्या ६० हर्ट्झच्या खालचं अनुनादाचं नातं जुळलं, प्रवाह वाढत गेला आणि क्रोबार सर्किटं जळाली. दोन्ही उपकरणं वेगवेगळी तपासली तर निर्दोष होती. हे आरएमएस प्रकारच्या (लाटेच्या सरासरी मूल्यांवर चालणाऱ्या) अभ्यासात दिसत नाही. त्यासाठी मायक्रोसेकंदांच्या पायरीने चालणारा ईएमटी (इलेक्ट्रोमॅग्नेटिक ट्रान्झियंट) अभ्यास लागतो.

फ्रिक्वेन्सीचं थोडक्यात सांगते, कारण त्या बाबतीत नियम सरळ आहेत. १० मेगावॅटच्या वरच्या आणि ३३ केव्ही किंवा त्यावर जोडलेल्या प्रकल्पाला ३ ते ६ टक्के ड्रूप (फ्रिक्वेन्सी किती टक्के बदलली की उत्पादन पूर्ण बदलायचं) आणि ±०.०३ हर्ट्झच्या आतला डेड बँड (ज्यात प्रतिसाद द्यायचा नाही तो पट्टा) असलेला नियंत्रक लागतो. ४ टक्के ड्रूप म्हणजे ५० हर्ट्झच्या हिशेबाने २ हर्ट्झ. फ्रिक्वेन्सी ५०.२० झाली तर डेड बँड वजा जाता ०.१७ हर्ट्झ, म्हणजे १०० मेगावॅटच्या प्रकल्पाने साडेआठ मेगावॅट कमी करायचे. कमी करणं सोपं, पिच फिरवला की झालं. फ्रिक्वेन्सी घसरल्यावर वाढवायचे कुठून? आधीच वाऱ्यातून मिळेल तेवढं सगळं घेत असतो. रोटरमध्ये साठलेली गतिज ऊर्जा काही सेकंद काढून देता येते, पण मग रोटर मंदावतो, पात्यांची कार्यक्षमता उतरते आणि घेतलेली ऊर्जा परत फेडताना निर्मिती आधीपेक्षाही खाली जाते. म्हणून बॅटऱ्या आल्या. दक्षिण ऑस्ट्रेलियातली हॉर्न्सडेलची १०० मेगावॅटची बॅटरी २०१७च्या अखेरीस सुरू झाली ती याच धड्यातून. त्याच राज्यात २०२१मध्ये चार सिंक्रोनस कंडेन्सरही बसवले गेले. कंडेन्सर म्हणजे इंधनाविना फिरणारं जुनं ओळखीचं सिंक्रोनस मशीन. विजेचं उत्पादन शून्य, पण फॉल्ट लेव्हल आणि इनर्शिया (फ्रिक्वेन्सीची घसरण मंदावणारं फिरतं जडत्व) दोन्ही देतं. मशीन हा विषय आता कालबाह्य झाला असं वर्गात कुणी म्हणालं, तर त्याला हे सांगा.

तयारी कशी करायची? पर युनिट पद्धत (मूल्यं रेटेड मूल्याच्या पटीत मांडण्याची) इतकी अंगवळणी पडली पाहिजे की किलोव्होल्ट बघून डोकं थांबता कामा नये. सिमेट्रिकल कंपोनंट, पार्क ट्रान्सफॉर्म, बोडे प्लॉट आणि पॉवर इलेक्ट्रॉनिक्समधला इन्व्हर्टर. यातलं काही कच्चं असेल तर एनपीटीईएल या ऑनलाइन शिक्षणमंचावर आयआयटीतल्या प्राध्यापकांची व्याख्यानं फुकट आहेत. इंग्रजी कळायला जड गेलं तर वेग कमी करून ऐका, मीही तसंच ऐकलं. सॉफ्टवेअरमध्ये लोड फ्लो आणि आरएमएससाठी पीएसएसई किंवा पॉवरफॅक्टरी, ईएमटीसाठी पीएसकॅड. यांचे परवाने महाग असतात, कंपनीत गेल्यावर मिळतात. तोवर पायथनमधलं पॅन्डापॉवर फुकट वापरून एक छोटा पूलिंग सबस्टेशनचा लोड फ्लो उभा करा. गेट देऊन पॉवर सिस्टिममध्ये एमटेक केलंत तर अभ्यासाच्या टेबलावर थेट जागा मिळायची शक्यता वाढते. डिप्लोमावाल्यांसाठी रस्ता रिले टेस्टिंग आणि कमिशनिंगमधून जातो. तो लांब असला तरी कमी प्रतीचा मुळीच नाही. वर सांगितलेला फीडरचा रिले ज्याने माझ्याआधी ओळखला, तो डिप्लोमाचाच होता.

नोकऱ्या चार ठिकाणी असतात. टर्बाइन बनवणाऱ्या कंपन्यांत मॉडेल तयार होतात, तिथे खोली मिळते पण एकाच मशीनशी लग्न लागतं. प्रकल्प विकसित करणाऱ्यांकडे दहा जणांचे अहवाल जुळवायचे असतात, तिथे फोन फार. सल्लागार संस्थांत विविधता आणि रात्रीचे जागरण. चौथी बाजू ग्रिडची, म्हणजे महापारेषण, ऐरोलीचं राज्य भार प्रेषण केंद्र, केंद्रीय पातळीवर ग्रिड-इंडिया. तिथे परीक्षा देऊन जावं लागतं, आणि तिथून दिसतं तसं चित्र इतर तिघांना कधीच दिसत नाही. मला पुन्हा बावीस वर्षांची होता आलं तर मी सुरुवात तिथून करेन.

मुलाखतीत मी एलव्हीआरटीची व्याख्या विचारत नाही. समोर एका खऱ्या घटनेचा आलेख ठेवते: तीन फेजचं व्होल्टेज, प्रवाह, ॲक्टिव्ह आणि रिॲक्टिव्ह पॉवर, एकूण दोन सेकंद. काय झालं ते सांगा म्हणते. बरेच जण लगेच मशीनचा प्रकार ओळखायला धावतात. मला आवडतो तो उमेदवार आधी विचारतो की हे मोजमाप ६९० व्होल्टचं आहे, ३३ केव्हीचं की २२० केव्हीचं, आणि ट्रान्सफॉर्मरचा व्हेक्टर ग्रुप (त्याच्या वेटोळ्यांची जोडणी) कोणता. डेल्टा-स्टारमधून जाताना एका फेजचा दोष पलीकडे दोन फेजवर दिसतो, त्यामुळे जागा न विचारता दिलेलं उत्तर निव्वळ अंदाज असतं. पुढचा प्रश्न त्याने “हे रेकॉर्डिंग कुठल्या उपकरणाचं, आणि सेकंदाला किती नमुने घेतो?” असा विचारला, तर मी चहा मागवते आणि मग खऱ्या अर्थाने बोलायला बसतो.